ऑब्रे टिंडेल आणि अकराचा हट्ट

ऑब्रे टिंडेलइतकी स्वतःचं खरं असूनही बोलणी खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ॲडलेडमध्ये रेडिओ दुरुस्त करणारा ऑब्रे १९६९ साली आमच्या सर्वेक्षणाच्या जहाजावर आला, तो कपाटाएवढं मशीन घेऊनच. ही नोकरी मिळवायला त्यानं दोन वर्षं अर्ज खरडले होते. उपग्रह डोक्यावरून गेला की त्याचे संदेश टिपून ते मशीन जहाजाचा ठावठिकाणा छापायचं. फक्त जहाजाचा वेग आधी आपण भरायचा. मी जहाजाचा रेडिओवाला, शेजारच्याच टेबलाशी. त्यामुळे सगळा तमाशा माझ्यासमोर झाला.

नांगर टाकलेला असला की उत्तर अचूक. जहाज चालू लागलं की अर्ध्या मैलाचा फरक. लॉर्ड हाऊ बेटाजवळ तिसऱ्यांदा चुकलं, तेव्हा कॅप्टन टकवेल कडाडले, "ब्रिस्बेनला हा डबा उतरवायचा. आणि डब्यासोबत तूही उतरायचं!"

"कॅप्टन, थांबलो की बरोबर येतं, म्हणजे वेगाचा आकडाच चुकतोय. जहाजाच्या तळाला शिंपल्यांचा थर बसलाय, त्यानं वेग घटलाय. आपण नऊ नॉट्सनंच चाललोय."

"वीस वर्षं माझं जहाज अकरानं चालतंय! तुझा डबा मला शिकवणार?"

"एकदा नऊ भरून बघू द्या ना."

"अकरा म्हणजे अकरा!"

असा संताप आला मला! आम्ही प्रत्येक बंदरात उशिरा पोचतो, हे स्वयंपाक्यालासुद्धा ठाऊक होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

पुढच्या उपग्रहाच्या वेळी कॅप्टन चहाला गेले होते. ऑब्रेनं गुपचूप नऊ भरले. छापून आलेलं ठिकाण रडारनं बेटापासून मोजलेल्या ठिकाणाशी तंतोतंत जुळलं. कॅप्टननी येऊन कागद पाहिला आणि ऑब्रेची पाठ थोपटली.

"बघ, दम दिला की कसं सरळ येतं! अकरावरच आलं ना?"

ऑब्रेनं माझ्याकडे पाहिलं. खरं बोलला असता तर ब्रिस्बेनला रवानगी ठरलेली.

"हो, कॅप्टन."

संध्याकाळी दुरुस्तीचा कागद भरायचा होता. बिघाडाच्या रकान्यापाशी तो अडला.

"अरे, तार सैल झाली होती, असं लिही की," मी म्हणालो.

"नव्हती झाली सैल!" तो माझ्यावरच खेकसला. "मशीनला काहीही झालेलं नाही. मी त्याच्यावर आळ घेणार नाही."

मग दातओठ खात त्यानं लिहिलं, 'चालवणाऱ्याची चूक', आणि खाली स्वतःची सही केली.