आरामाचा रकाना

“रिकामीच तं आहो मी, मॅडम,” असं ती म्हणायची तेव्हा तिच्या कमरेवर पाण्याची गुंडी असायची, नाहीतर डोक्यावर सरपणाची मोळी. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल. माझ्या पाहण्यातली ही, माझी शेजारीण.

अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात मी शाळेवर होते, दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत. माझी भाड्याची खोली आणि तिचं सासर यांच्यामध्ये एक बांबूचा कूड होता. नवरा भाताच्या गिरणीत, आठवड्यातून एकदा घरी यायचा. ही बारावी पास. पोलीस भरतीचा फॉर्म तिने भरला होता आणि वयाच्या हिशोबाने ही तिची शेवटचीच संधी होती. सासूने परवानगी दिली ती एका बोलीवर. “एक डाव जाय. नाही जमलं तं मंग पुन्हा नाव काढू नोको.”

त्याच सुमारास मी पळायला लागले होते, वजन वाढलं म्हणून. नागपूरच्या भावाने नवशिक्यांसाठी एक छापील तक्ता पाठवला होता. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. आठवड्यात तीन दिवस पळणं आणि उरलेल्या चार दिवसांच्या रकान्यात ‘आराम’. आरामाचा एकही दिवस मी चुकवला नाही. पळण्याच्या दिवसांबद्दल तेवढ्या खात्रीने सांगता येणार नाही.

तिने मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धापा टाकताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी लग्नाआधीचा पंजाबी ड्रेस घालून हजर झाली. शाळेच्या खेळाच्या पेटीतलं स्टॉपवॉच मी गळ्यात अडकवलं. तिला ती मधली दोन मिनिटं पटत नव्हती. “चालाचं कायले, मॅडम? दम तं आहे ना अजून.” मी म्हटलं, तक्त्यात तसं लिहिलंय. छापील कागदाचा तिला फार मान होता. ती निमूट चालायची.

चार आठवडे पाळीच्या फेरीची तिची वेळ भराभर कमी झाली. मग ती तिथेच अडली आणि नंतर उलट वाढू लागली. पिंडऱ्या दुखायला लागल्या. पाळीवरून उतरताना ती पाय आडवे टाकत यायची. मैदानी चाचणीत सेकंदासेकंदाला गुण असतात आणि चाचणी महिना-सव्वा महिन्यावर आलेली. मला काही केल्या उलगडा होईना. खाण्यात काही कमी पडतंय का, बूट चावतात का, सगळं विचारून झालं. स्टॉपवॉचचा सेलसुद्धा बदलला.

“आराम करतेस ना?”

“हो तं. पळाचं नसते त्या दिवशी पूर्ण रिकामीच रायतो.”

मला दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड आहे, ती या वेळी कामी आली. एका रविवारी, तिच्या आरामाच्या दिवशी, मी कुडाजवळ खुर्ची टाकून वह्या तपासायला बसले. सकाळी मला जाग यायच्या आत ती मोहफुलं वेचायला जाऊन आली होती. टोपली उतरवून तिने फुलं अंगणात पसरली. मग गोठ्यातलं शेण काढलं, अंगण सारवलं, लाखोळीच्या शेंगांचे भारे आणून झोडपले. दुपारी धान्याचं पोतं डोक्यावर घेऊन चक्कीवर गेली. आल्यावर घरभराचे कपडे घेऊन तलावावर. नुसतं बघून मी दमले, दोनदा चहा केला.

संध्याकाळी तिला हाक मारली. तिने अगदी सरळपणे सांगितलं, “पळाच्या पायी कामं मांगं पडते, मॅडम. मंग ते आरामाच्या दिवशी उरकून टाकतो. त्या दिवशी पळणं नसते ना.”

मी तक्ता तिच्यापुढे धरला. तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं. “मंग याच्यात काय कराचं असते?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही, ते कसं करतेत?”

मला माझाच राग आला. कुडापलीकडे तिचा दिवस कसा जातो ते मला रोज ऐकू येत होतं, तरी मी तिला तो तक्ता जसाच्या तसा देऊन मोकळी झाले होते.

मग मी तिच्या सासूशी खोटं बोलले. परीक्षेचे कागद लावायचे आहेत, आरामाच्या दिवशी दुपारी सुनेला पाठवा. सासू बोलायला रोखठोक. माझ्याकडे बघत म्हणाली, “न्या.”

पहिल्या दुपारी ती माझ्या सुतळीच्या खाटेच्या कडेवर बसली. मी तोंड धुऊन येते तर बाई माझे तांदूळ निवडतेय. पुढच्या खेपेला तिने कोळिष्टकं काढली. तिसऱ्या दुपारी मात्र मी सूप, झाडू सगळं बाहेर ठेवलं आणि दारातच खुर्ची टाकून बसले. “पड. वर बघ. उठायचं नाही.” ती ओढणी तोंडावर घेऊन ताठ पडून राहिली. कितीतरी वेळाने ओढणी घसरली तेव्हा तिला गाढ झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, आणि बोटं काहीतरी निवडत असल्यासारखी हलत होती. मला रडू आलं. तिला मी शेजारी राहून इतक्या दिवसांत कधी निजलेलं पाहिलं नव्हतं.

त्यानंतर पिंडऱ्यांचं दुखणं हळूहळू गेलं आणि घड्याळ पुन्हा आमच्या बाजूने झालं. चाचणीच्या दिवशी मी रजा टाकून गोंदियाला गेले. मैदानाबाहेर उन्हात उभी राहिले. ती बाहेर आली ती हसतच. “पाय हलके होते, मॅडम.”

यादीत तिचं नाव लागलं. ती ट्रेनिंगला गेली, पुढे तिकडेच कुठे कुठे बदल्या झाल्या, नवऱ्यालाही तिने तिकडे नेलं. गावात ती पुन्हा राहायला आली नाही.

ती ट्रेनिंगला गेली त्यानंतरच्या रविवारी दुपारी सासू माझ्या दारात उभी राहिली.

“ते इथंच निजे ना?”

मी ओशाळले. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“कागदं लावून येणाऱ्याच्या गालावर सुतळीचे वळ उठतेत का?”

“मग बोलला का नाहीत?”

“निजू देलं.”

ती आत आली. खाट हाताने दाबून पाहिली. मग सावकाश आडवी झाली. पाय मात्र खाटेच्या बाहेरच ठेवले, खाटेला धूळ लागेल म्हणून. मी ते उचलून वर घेतले. ती छताकडे बघत पडून राहिली.

“किती वेळ पडून राहा लागते, मॅडम?”

“जाग येईपर्यंत,” मी म्हटलं.