कुंभकोणम्‌ला जाऊन ‘नाही’ म्हणालो

सकाळी सातच्या सुमाराला गाडीनं कोईमतूर सोडलं, तेव्हाच मी दमलेला होतो. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत भट्टीसमोर बसलो होतो, आणि डोक्यात एकच घोर: आज अश्विनी काय म्हणते.

आम्ही सांगलीकडचे गलाईवाले. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायची, हा आमचा धंदा, आणि त्यापायी आमची माणसं कुठं कुठं जाऊन पडलीत. मी नववीतून शाळा सोडली तेव्हा आमच्याच गावच्या तात्यांनी मला कोईमतूरला आणलं, काम शिकवलं, जेवू घातलं. आज मी खातो तो घास त्यांच्यामुळं. अश्विनी त्यांची मुलगी. (नावं बदलली आहेत.) पुढं तात्यांनी कुंभकोणम्‌ला स्वतःचं दुकान काढलं आणि ती मंडळी तिकडं गेली, मी कोईमतूरलाच राहिलो. गेल्या महिन्यात त्यांनी गावाकडं आईला फोन करून आमची सोयरीक सुचवली. आई आनंदानं रडली. मग अश्विनीचा मेसेज आला: ‘आधी मला भेट. घरी नको.’ भेटायला जातोय हे मी आईला सांगितलं, आईनं तात्यांना.

खिडकीशी बसून मी मोबाईलवर आमचा जपानी चित्रपट लावला. हातानं रंगवलेला, कार्टूनसारखा, पण लहान मुलांचा नव्हे. कोईमतूरच्या गच्चीवर इअरफोनची एक वायर अश्विनीच्या कानात, एक माझ्या, असा आम्ही तो पहिल्यांदा बघितला. एका बेटावरचा मुलगा आणि मुलगी रोज एकाच होडीनं शाळेला जातात. पुढं ती शहरात जाते. पत्रं येतात, मग कमी येतात. कुणी वाईट वागत नाही, भांडण नाही, दोघं नुसती लांब जातात. मी तो तीस-चाळीस वेळा तरी बघितला असेल. भाषा कळत नाही, खालची इंग्रजी अक्षरं अर्धी कळतात, तरी मला पाठ आहे.

तेवढ्यात आईचा फोन आला, “नीट बोल रे तिच्याशी.” मी फोन ठेवला तर समोरच्या पाटी (आजीबाई) एकदम मराठीत बोलल्या. “कोठें चालिलां?” मी दचकलोच. त्या कुंभकोणम्‌जवळच्या मरुदानल्लूरच्या, तंजावरच्या मराठी राजांच्या काळात आलेल्या घराण्यातल्या. बोलणं पोथीतलं, हेल तमिळ.

“कुंभकोणम्‌ला.”

“मुलगी पाहावयास?”

मी मान हलवली. त्यांनी माझ्या बाहीकडं बोट केलं. तेजाबानं पडलेली तीन भोकं. “हा सदरा लेवून?” म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की शेजारचे तमिळ लोकही कारण न कळता हसले. मी बाही दुमडून घेतली.

तंजावर मागं पडलं तशी दोन्ही बाजूंना भातशेती आणि केळीच्या बागा लागल्या. सगळं हिरवं, पण माझे डोळे मिटत होते. परतीची गाडी साडेतीनच्या आसपास. कुंभकोणम्‌ला उतरलो तेव्हा हातात जेमतेम अडीच तास. त्यातला अर्धा तास मीच घालवला. रिक्षावाल्याला नुसतं ‘कुळम्’ (तळं) म्हणालो. या गावात तळ्यांना काय तोटा! त्यानं भलत्याच तळ्यावर सोडलं. मग विचारत विचारत, उन्हात घामाघूम होऊन ठरलेल्या महामहम् तळ्याशी पोचलो. अश्विनी पायरीवर डबा घेऊन बसली होती.

“केवढा वाळलास रे संज्या!”

“तू बस भट्टीसमोर, मग कळेल.”

तिनं इडली आणि कडप्पा (मूगडाळ-बटाट्याचा पातळ रस्सा) पुढं ठेवला. मी दोन घास खाल्ले आणि तिनं सांगून टाकलं. तिला चेन्नईला नोकरी लागली होती. तिला लग्न नको होतं. माझ्याशीही नको.

“मग तात्यांना सांग की.”

“त्यांनी तुझ्या आईला शब्द दिलाय. मी मोडला तर माझं चेन्नई बंद. तू नाही म्हणालास तर चिडतील, पण तुझ्यावर.”

“मी? मी तात्यांना नाही म्हणू? अगं, त्यांनी मला…”

“माहितेय. म्हणूनच तुला सांगतेय. दुसरं कोण करेल माझ्यासाठी?”

 मी उगाच विचारलं, “तो पिक्चर बघतेस का अजून?”

“नाही बाबा. ती दोघं तोंड का उघडत नाहीत, याचाच राग येतो.”

मला तर त्यांचं ते न बोलणंच आवडत आलं होतं. पण हे मी तिला म्हणालो नाही. म्हणालो, “बरं. सांगतो मी.” तिनं डबा धुतला, आणि तिचे डोळे भरले होते ते मला दिसू नयेत म्हणून बराच वेळ धूत राहिली.

दुकानात तात्या मुशीतलं सोनं ओतत होते. सोनं थंड होईपर्यंत मी उभा राहिलो.

“आलास? भेटली का पोरगी?”

“तात्या, ही सोयरीक मला जमायची नाही.”

“ती काय वेडंवाकडं बोलली?”

“नाही. ती तुमच्या शब्दाबाहेर नाही. मलाच शिकलेली बायको झेपायची नाही.”

“झेपायची नाही! कालपर्यंत नाक पुसता येत नव्हतं, आज नापसंती सांगतोय.” एवढंच बोलले आणि चिमटा उचलला.

मी पाया पडून दाराकडं वळलो. गलाईच्या दुकानात एक रीत असते. कामगार बाहेर पडताना दाराजवळच्या घमेल्यात हात धुतो, म्हणजे बोटांना लागलेली सोन्याची रज पाण्यात राहते. घरच्या माणसाला हे कुणी सांगत नाही. आठ वर्षांत तात्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं.

“हात धुऊन जा,” ते मागून म्हणाले.

मी कशालाही हात लावला नव्हता. तरी धुतले, चांगले चोळून धुतले, आणि स्टेशन गाठलं.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, हेच उपकार. त्या चित्रपटात माणसं लांब जातात आणि दोष कुणालाच लागत नाही. म्हणून तर तो मला इतका आवडतो. आमच्यात तसं चालत नाही. सोयरीक मोडली की दोष कुणाच्या तरी पदरात पडावाच लागतो, आणि माझा पदर रिकामा होता.

करूरच्या आधीच आईचा फोन आला. तात्यांनी तिला कळवलं होतं.

“एवढं केलं रे त्यांनी तुझ्यासाठी. काय कमी होतं त्या पोरीत?”

“काही नाही गं आई,” मी म्हणालो. “माझंच चुकलं.”