अंगठ्याखालचा गुच्छ

पोटरीत आलेल्या ज्वारीचं पान उलगडलं की आतून कोवळ्या दुधासारखा ओलसर गंध येतो, आणि पुढच्याच क्षणी बाटलीतल्या आम्लाचा उग्र दर्प त्याच्यावर चढून बसतो. भाद्रपदातल्या कोवळ्या उन्हात, कणीस अजून पानाच्या कुशीत असतानाच ते कापून मद्यार्क आणि आम्लाच्या मिश्रणात बुडवायचं, म्हणजे आतल्या पेशी जिथल्या तिथे थबकतात, ही आमच्या कामाची रीत. मेलेल्या पेशीला जिवंतपणीची हकिगत विचारायची आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा, हे मला इतकी वर्षं शिकवूनही पुरतं पचलेलं नाही.

मी मुळातच संशयी बाई. औषधाच्या बाटलीवरची तारीख मी दुकानातही वाचते आणि घरी आल्यावरही वाचते. अंतरपाटापलीकडे मीच उभा आहे याचीही हिला खात्री नव्हती, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो, आणि ते अगदीच खोटं नाही.

त्यामुळे माझी विद्यार्थिनी प्रज्ञा एका दुपारी आमच्या अमरावतीच्या प्रयोगशाळेत छायाचित्रं घेऊन धावत आली, तेव्हा तिच्या आनंदाआधी मला छायाचित्रांतली खोट शोधावीशी वाटली. ज्वारी तिच्याच वडिलांच्या वलगावच्या शेतातली. परागकण घडवणाऱ्या पेशी विभागण्यापूर्वी केंद्रकात एक विलक्षण गोष्ट घडते. आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं तोवर एकमेकांना अनोळखी असल्यासारखी पसरलेली असतात. मग प्रत्येक गुणसूत्र आपली टोकं केंद्रकाच्या आवरणाला आतून टेकवतं, ती टोकं आवरणावरून सरकत एका जागी गोळा होतात, आणि त्या दाटीत ज्याला त्याला आपला जोडीदार सापडतो. दांडे एका मुठीत धरलेल्या फुलांसारखं ते दिसतं, म्हणून आम्ही त्याला गुच्छच म्हणतो.

"मॅडम, पाहा न, कसे एका जागी आले सारे!" प्रज्ञा म्हणाली. तिनं आईलाही फोनवर सांगून टाकलं होतं.

मी पाहिलं. गुच्छ सुरेख होते, पण सगळ्या पेशींत ते उजवीकडेच झुकलेले. काचपट्टीवर पेशी पसरवताना आम्ही वर टिपकागद ठेवून अंगठ्यानं दाबतो. अंगठा केसभर जरी घसरला, तरी आतला ऐवज एका अंगाला ढकलला जातो. निसर्गाची करणी म्हणून आपण जिच्यासमोर हात जोडावेत, ती आपल्याच अंगठ्याची करामत निघते.

मी तिला तसं सांगितलं. "मी तं सरळच दाबलं, मॅडम," ती म्हणाली. तिचा प्रबंध माझ्या सहीसाठी टेबलावर होता. मी सही केली नाही. तिच्या चेहऱ्यावरचं ऊन उतरलेलं मला दिसलं, वाईटही वाटलं. पण पुढे परीक्षकानं हाच प्रश्न विचारला असता, तर तिची सगळी वर्षं पाण्यात गेली असती.

मग अंगठा लावायचाच नाही असं ठरलं. तिनं नवी कणसं मेणात बसवून त्यांचे पातळ काप घेतले, गुणसूत्रांच्या टोकांना चमकणारा रंग दिला, आणि अधिक चांगल्या सूक्ष्मदर्शकासाठी आम्ही दोघी अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. पाऊस उघडलेला, कपाशीच्या पऱ्हाटीवर फुलं आलेली, काळ्या मातीतून वाफ निघत होती. ही गप्प का, काही लपवते तर नाही ना, असा विचार माझ्या मनात आला आणि मला स्वतःचाच राग आला.

अकोल्याच्या अंधाऱ्या खोलीत पडदा उजळला. गुच्छ होते. एकाचं तोंड वर, शेजारच्याचं खाली, तिसऱ्याचं तिरपं. आणि प्रत्येक पेशीत ती चमकणारी टोकं केंद्रकाच्या कडेला, आवरणाला घट्ट टेकलेली. कुठल्याच अंगठ्याला हे साधलं नसतं. माझा ऊर भरून आला. मी तिथेच पिशवीतून प्रबंध काढला, पेनचं टोपण उघडलं आणि तिच्याकडे वळले, ती हसेल म्हणून.

ती हसली नाही. पडद्याकडे डोळे बारीक करून पाहत राहिली. तिचा फोन वाजत होता, आईचाच असावा. तो तिनं उचलला नाही.

"थांबा मॅडम, सही नका करू," ती म्हणाली. "ज्या पेशीत गुच्छ नाही दिसला, तिथं मी थांबलीच नाही. मले पाहिजे तेवढंच मी पाहून राहिली असन तं?"

इतका अचूक प्रश्न माझ्या कुठल्याच विद्यार्थ्यानं आजवर विचारला नव्हता. अभिमानानं मी काही बोलणार होते. पण धावत आलेली ती मुलगी मला त्या चेहऱ्यावर कुठे सापडेना, आणि मी उघडं पेन हातात धरून तशीच बसून राहिले.