दुर्बिणीच्या पलीकडचा काटा

आत्याचं ऑपरेशन झालं त्या दुपारी मामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, फोन आला, "काटा निघाला रे." त्यानंतरच्या फोनवर नुसता वॉर्डातला गलका ऐकू येत राहिला... सुमनआत्या गेली होती. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत पाण्यासाठी, रेशनसाठी जिचा आवाज सगळ्यात आधी उठायचा, ती माशाच्या काट्याने गेली, हे अजून मला कुणाला सांगवत नाही.

मंत्रतंत्राचा आत्याला मनस्वी राग. कॉलनीतले एक म्हातारबाबा पाणी मंतरून घशातला काटा 'उतरवायचे'. त्यांना ती दारात उभी राहून विचारायची, "बाबा, काटा मंत्राला घाबरतो का तुम्हाला?" तिचा स्वतःचा उपाय एकच, भाताचा घट्ट गोळा न चावता गिळायचा. आम्हा सगळ्या भाचरांना तिने तो गिळायला लावलाय. त्या रविवारी रोहूचा काटा तिच्याच घशात रुतला. तिने गोळा गिळला, वर केळं खाल्लं. टोचणं थांबलं, संध्याकाळी ती सभेत हातात भोंगा धरून बोलूनही आली. पण गोळ्याने काटा खाली नेलाच नव्हता, आडवा रेटला होता.

दुखणं परतलं. दवाखान्यात एक्स-रे झाला, मग घशात दुर्बीण घातली. "मावशी, आत काही नाही. ओरखडा आहे, भरून येईल," डॉक्टर म्हणाले. आत्या मान धरून म्हणाली, "तुमची दुर्बीण गेली तिथं नसेल. मला टोचतंय ते इथं, बाहेरच्या अंगाला." डॉक्टर हसले, गोळ्या लिहून दिल्या. मान सुजली, ताप उतरेना, तेव्हा कुठे मोठ्या इस्पितळात सीटी स्कॅन झाला. सर्जनांनी पडद्यावर बोट ठेवलं. काटा अन्ननलिकेला भोक पाडून मानेच्या मांसात जाऊन बसला होता, भोवती पू. मानेला बाहेरून छेद देऊन त्यांनी तो काढला. पू मात्र तोवर छातीत उतरला होता.

पुण्यानुमोदनाला, आत्याच्या स्मरणासाठी सगळे जमलो तेव्हा, कुणी म्हणालं, तिचं आयुष्यच तेवढं होतं. नाही, तेवढं नव्हतं. दुर्बीण नळीच्या आतलं दाखवते, बाहेरचं नाही. बाई बोट ठेवून सांगत असताना स्कॅन करायला काय हरकत होती? आणि भाताचा गोळा हाही एक मंत्रच. आपल्या ताटातला म्हणून आपण त्याच्याशी कधी भांडलो नाही, आत्यासुद्धा नाही. हे आता मी दारोदार सांगतो. सांगून घरी येतो, आणि ती नसतेच...

परवा मामांकडे गेलो. आत्याचा हातातला भोंगा मांडीवर घेऊन ते त्यातले सेल बदलत होते.

"मामा, आता कशाला?"

"जुने आत फुटतात. गंज चढतो."

त्यांनी बटण दाबून पाहिलं. भोंगा घूं घूं करू लागला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. मामांनी तो बंद केला नाही.