जन्मापासूनचा दोष

साहेबानं फटाका वाजवायला लावला. माझ्या पाठीमागं, दहा पावलांवर. मला न सांगता.

बिदरला पोलीस भरती होती. मैदानावर आम्ही चाळीसेक जण रांगेत उभे होतो. धावण्यात माझा तिसरा नंबर आला होता. डाव्या हाताची तीन बोटं लढाईत गेली, डाव्या कानानं ऐकू येत नाही, तरी वीस वर्षांच्या पोरांना मी मागं टाकलं होतं. छाती मोजून झाली होती. आता नोकरी लागते, असं मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात तो आवाज झाला.

भानावर आलो तेव्हा तोंडात माती होती. दोन्ही हात डोक्यावर, गुडघे पोटाशी. चड्डी ओली झालेली. आणि अख्खी रांग हसत होती.

"देखो रे," साहेब म्हणाला, "जंग जीत को आया सो फौजी!"

मी उठलो. कपडे झटकले. तसाच रांगेत जाऊन उभा राहिलो. साहेबानं मानेनंच बाजूला हो म्हणून खुणावलं.

मोठ्या आवाजाला माझं असं होतं, हे साहेबाला कुणी सांगितलं, ते मला माहीत होतं. माझं गाव भालकी तालुक्यात, सीमेच्या कानडी बाजूला. भरतीआधी उमेदवाराची चौकशी गावात होते. चौकशीला आलेला शिपाई थेट पाटलाच्या वाड्यावर गेला. वतनं कायद्यानं कधीच बंद झाली होती. पण पाटील पाटीलच होता, आणि माझा बाप गावाचा येसकरच. गावात सरकारी माणूस आला की काठी घेऊन त्याच्यापुढं पळायचं, निरोप सांगत गावभर फिरायचं, वेशीवर राखण करायची. साठी उलटली तरी अप्पा तेच करत होता. मला पोलीस व्हायचं होतं ते त्याचसाठी. राखण आम्ही पिढ्यान् पिढ्या केली. आता ती अंगावर वर्दी घालून करायची होती.

पाटलानं शिपायाला काय सांगितलं असेल? जे अख्ख्या गावानं पाहिलं होतं, तेच.

लढाई संपल्यावर मी दवाखान्यातून घरी आलो, तेव्हा गावानं सत्कार ठेवला. आमच्या गावात लग्नाला, जत्रेला उखळी उडवतात. लोखंडाचा पोकळ ठोकळा, त्यात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. आवाज चार गावं जातो. उखळीत दारू ठासायचं काम येसकराचं. पण बार व्हायचा तो पाटलाच्या, देशमुखाच्या घरासाठी. वेशीबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या माणसासाठी कधीच नाही. अप्पा पाटलाच्या पाया पडला. म्हणाला, माझा लेक देशासाठी लढून आलाय, एक बार त्याच्या नावानं होऊ द्या. पाटील हो म्हणाला.

अप्पानं स्वतःच्या हातानं दारू ठासली. नेहमीपेक्षा जास्त. मी गळ्यात हार घालून चावडीसमोर उभा. अप्पा माझ्याकडं बघून हसला आणि त्यानं बत्ती दिली. आयुष्यात मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी शेणात पालथा पडलो. हारासकट. मला परत लढाईतला तो खंदक दिसला, शेजारचे दोघं दिसले, त्यांचं जे झालं होतं ते दिसलं. मी ओरडत होतो म्हणे. गाव हसायला लागलं. पाटील म्हणाला, "ह्यो लढून आलाय व्हय? ह्यो तर लपून आलाय."

अप्पा जळता काकडा हातात धरून तसाच उभा होता. त्या दिवसापासून तो माझ्या डोळ्याला डोळा देईनासा झाला.

फौजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला सांगितलं होतं, हे लढाईनं झालंय, यात लाजण्यासारखं काही नाही. त्या आजाराला नाव आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की अचानक मोठा आवाज झाला की माझं शरीर माझं राहत नाही. बाकी मी धड होतो. लिहू शकत होतो, वाचू शकत होतो, ठाण्यात बसून नोंदी करू शकत होतो. माजी सैनिकांसाठी जागा राखून ठेवलेल्या होत्या. मी भीक मागायला गेलो नव्हतो.

मैदानावरून मला कचेरीत बोलावलं. अप्पा माझ्याबरोबर आला होता, तो बाहेर कडुलिंबाखाली बसला होता. त्यालाही बोलावलं. त्यानं पायताणं दाराबाहेर काढली आणि आत येऊन भिंतीला चिकटून उभा राहिला.

टेबलावर एक कागद तयार होता. कानडीत टाइप केलेला.

"सही कर," कारकून म्हणाला. भालकीकडचाच माणूस, मराठी चांगली बोलायचा.

कानडी मला बोलता येते. वाचता येत नव्हती. माझी शाळा मराठी. मी म्हणालो, "काय लिवलंय, वाचून दाखवा."

त्यानं साहेबाकडं पाहिलं. साहेब चहा पीत होता. कारकून हळूच म्हणाला, "लिवलंय की तुझ्या डोक्यात जन्मापासूनचा दोष हाय. तू तो लपवून ठेवला होतास. आता आपल्या मर्जीनं भरतीतून नाव काढून घ्यायलास."

"जन्मापासूनचा?"

"लढाईनं झालं म्हणलं की वर जाब द्यावा लागतो बाबा. फौजीला कामून काढलं म्हणून विचारतेत. जन्माचं म्हणलं की मिटलं. सही कर. साहेब तुला पोलीस लाइनीत झाडायला ठेवायलेत. कायमची नोकरी हाय."

मी काही बोलायच्या आत अप्पा पुढं झाला. हात जोडून, कमरेत वाकून. माझ्या बापाचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"व्हय साहेब. ल्हानपणापसनंच हाय ते. म्या बाप हाय, मला ठावं हाय. आमच्यातच हाय तसं. नोकरी तेवढी द्या."

आमच्यातच हाय तसं.

माझ्या अंगात काय झालं, ते आजही मला नीट सांगता येत नाही. राग आला का? आला. पण त्याहून जास्त रडू आलं. ज्या माणसानं माझ्या नावानं बार उडावा म्हणून पाटलाचे पाय धरले, तोच माणूस मला जन्माचा खुळा म्हणून विकत होता. लोभानं नाही. मायेनं. आपल्या हातून लेकाचं वाटोळं झालं, असं तो धरून बसला होता. ते भरून काढायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. फक्त खोटं होतं, तेवढं त्यानं दिलं.

आणि हेच तर आम्हाला आजवर सांगत आले होते. विहिरीवर, देवळाच्या पायरीशी, शाळेत बाहेरच्या ओट्यावर बसवताना. तुमच्यात जन्माचाच दोष आहे. हा आजार एवढी एकच गोष्ट होती जी मला जन्मानं मिळाली नव्हती. सरकारनं दिलेली बंदूक खांद्यावर असताना, सरकारच्या कामावर मला ती लागली होती. आता तीही माझ्या आईच्या पोटावर लिहायची होती.

मी कागद परत सरकवला.

"अप्पा, तू खोटं बोलायलास," मी म्हणालो. सगळ्यांसमोर. "साहेब, मी जन्मलो तवा धड हुतो. हे लढाईत झालंय. नोकरी नका देऊ. पर खरं कारण लिवून द्या."

साहेबानं कप खाली ठेवला. "ले जाव इसकू," म्हणाला. दोन शिपायांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. अप्पा अनवाणीच मागनं आला. एक पायताण त्यानं घातलं, दुसरं सापडेना.

भालकीपर्यंत बसमध्ये तो अनवाणी पाय बाकाखाली ओढून बसला होता. घरी आल्यावर आईनं विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "नोकरी लागली हुती. ह्येनं घालवली." पुढं पाच वर्षं तो जगला. येसकरकीची काठी त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही. चारचौघांत मी त्याला खोटं पाडलं होतं, तेही खुद्द साहेबासमोर. त्यानं मला माफ केलं नाही, आणि मीही माफी मागितली नाही. बाप असा गमावायचा नसतो. मी गमावला.

मग मी कानडी वाचायला शिकलो. वयात बसत होतो तोवर दर भरतीला अर्ज केला. कधी नजरेवरून, कधी कानावरून, कधी काहीच न सांगता काढलं. आता वय गेलं. वर्दी अंगावर येणार नाही, हे मला कळतं. तरी सरकारी भरती निघाली की मी अर्ज भरतो आणि स्वतः नेऊन देतो. वय झालं म्हणून कारकून हसतात. हसू देत. आजाराच्या रकान्यात मी माझ्या हातानं लिहितो: आहे. कधीपासून, त्याच्यापुढं लिहितो: देशाच्या कामावर असताना. कानडीत लिहितो, म्हणजे वाचता आलं नाही असं कुणाला म्हणता येणार नाही.

मला नाकारायचं तर नाकारा. पण हे वाचून नाकारा, आणि खाली तुमची सही करा. माझी मिळणार नाही.