लग्नाच्या आहेराची यादी

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, देवापुढे उभा राहूनही नाही. दोनदा ओठांवर आली — दोन्ही वेळा मी पाणी प्यायलो आणि विषय बदलला. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही समोर बसलेले नाही, हे त्याचं एक कारण असेल.

आधी मी कोण ते सांगतो. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झालो. आम्ही इथले मराठे, राजांच्या काळापासूनचे. घरात बोलतो ती मराठी ऐकलीत तर हसाल — अर्धी तमिळ, चालही तमिळ. माझ्या मुलीला सगळं कळतं, पण उत्तर ती तमिळमध्येच देते. देवनागरी वाचणारे आमच्या गल्लीत आता मोजून चार. आणि मोडी? मोडी आप्पांना यायची, माझ्या वडिलांना. खरीखुरी यायची. गावोगावचे लोक जुने कागद घेऊन त्यांच्याकडे येत, आप्पा भिंग काढत आणि वर्तमानपत्र वाचावं तसं वाचत.

मला शिकवायला ते तयार होते. मी क्रिकेट खेळायला जायचो.

आप्पा गेले आणि लोक येतच राहिले. त्यांचा मुलगा आहे, इतिहासाचा वात्तियार — मास्तर — आहे, म्हणजे त्याला येणारच — असं लोकांनीच ठरवून टाकलं. मी नाही म्हणालो का? नाही म्हणालो नाही. वर्षातून एखाददुसरा यायचा. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, कागद फार झिजलाय, असं काहीतरी सांगून परत पाठवायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. भिंग मात्र पुसून टेबलावर ठेवलेलं असायचं, येणाऱ्याला दिसेल असं.

मग चेल्लम्माक्का आली.

पापनाशमच्या पलीकडे तिचं गाव, नाव लिहीत नाही. साठी उलटलेली बाई, नवरा नाही, स्वतःचं थोडं शेत, आणि बाकी दिवस दुसऱ्यांच्या शेतात लावणी. त्या दिवशी बस बदलत आली होती. पायाला चिखल वाळलेला, काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्या सुमारास पेपरात यादी आली होती — जमिनीखाली कोळसा आहे, उघडी खाण करायची, अमुक अमुक गावं. तिच्या गावाचं नाव त्यात होतं. उघडी खाण म्हणजे काय हे तिने मलाच समजावलं. वरची माती काढून बाजूला टाकायची, म्हणाली, जशी आपण चुलीतली राख काढतो. मग खाली जायचं. माती परत टाकली तरी ती राखच.

डब्यात कागद होता, मोडीत. तिच्या नवऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता, दिवाळीला त्याला कुंकू लागायचं. गावात असं बोललं जायचं की तो गावच्या वायक्कालबद्दल आहे. वायक्काल म्हणजे नदीतून शेतांना पाणी आणणारा पाट. त्या पाटाच्या बांधावरूनच शेतांकडे जायची वाट. कोळसा तपासायला बोअरची गाडी यायची तर तिथूनच येणार. बांध सरकारचा आहे, असं खाणीच्या बाजूचे लोक म्हणत होते. बांध आमचा आहे हे या कागदात असेल तर बघा वात्तियार, एवढंच तिचं मागणं.

मी भिंग घेतलं. अर्धा तास बघत होतो — खरंच अर्धा तास. वर एक श्री कळला. खाली दोन आकडे कळले. मधलं सगळं एका दोऱ्यात ओवल्यासारखं, हात न उचलता लिहिलेलं. ती समोर जमिनीवर बसली होती, खुर्ची दिली तरी घेतली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. बायको कॉफी घेऊन आली, तीही थांबली. आता सांगा, त्या वेळी चार शब्द पुरे होते की नाही? मला वाचता येत नाही. झालं. तिने दुसरा माणूस शोधला असता. असे लोक आहेत इथे, राजवाड्याजवळच आहेत, चालत दहा मिनिटांवर.

मी म्हणालो, "अक्का, ही लग्नाच्या आहेराची यादी आहे."

का म्हणालो? आप्पा एकदा म्हणाले होते, लोक ज्याला सनद समजून जपतात तो बहुतेक आहेराचा कागद निघतो. ते आठवलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तिने विचारलं, कुणाचं लग्न? मी म्हणालो, नाव झिजलंय. ती हसली. "म्हणजे आमच्यातही यादी करण्याएवढा आहेर आला होता तर." कॉफी संपवली, पेला स्वतः विसळला, डबा काखेत मारून निघाली. दारात म्हणाली, बरं झालं सांगितलंत. दुसरा कुणी असता तर आशा लावून चार खेपा घालायला लावल्या असत्या. मी मान डोलावली.

पुढचं मी पाहिलं ते सांगतो, कारण ते सांगण्यासारखं आहे. माझ्या गोष्टीत तेवढंच सांगण्यासारखं आहे.

धरणाचं पाणी सुटून पाटात आलं होतं. बोअरची गाडी येणार असं कळल्यावर गावातल्या बायकांनी काय केलं असेल? घोषणा नाहीत, दगड नाहीत. त्यांनी लावणी काढली. ज्या तुकड्यात गाडी उभी राहायची होती तो कुणा एकीचा. रोपं तयार व्हायला अजून तीन-चार दिवस होते. तरी आपापल्या वाफ्यांतून मूठ मूठ रोपं उपटून आणली, प्रत्येकीने थोडी, आणि तो तुकडा सकाळी सातपासून लावायला घेतला. मी बघायला गेलो होतो. शिकलेला माणूस बरोबर असावा म्हणून चेल्लम्माक्कानेच निरोप पाठवला होता. गाडी दहाला आली. तोवर वाकलेल्या पाठींची रांग शेताच्या मधोमध पोचली होती. कुणी मान वर केली नाही. गाणं म्हणत होत्या, तेही थांबवलं नाही. गाडीबरोबर आलेला इंजीनियर पोरगा चांगल्या घरातला दिसत होता, बूट काढून हातात धरून उभा राहिला. ड्रायव्हर त्याच गावचा होता. लावलेल्या रोपात चाक घालणार नाही, एवढंच म्हणाला आणि चावी काढून खिशात टाकली. आमच्याकडे लावणी झालेल्या शेतात चप्पल घालून कुणी उतरत नाही, तिथे चाक कोण घालणार?

गाडी परत गेली. मग बायका पाटाच्या बांधावर बसायला लागल्या, पाळीपाळीने. एकीने स्वयंपाक करायचा, चौघींनी बसायचं. म्हाताऱ्या दुपारी, तरण्या सकाळी. कामं बुडाली नाहीत, गुरं उपाशी राहिली नाहीत. मी चाळीस वर्षं शाळेची वेळापत्रकं केली. इतकं नीट एकही झालं नाही.

मग कचेरीतून साहेब आले. गावच्या मंडपात बैठक झाली. माणूस वाईट नव्हता. हळू बोलत होता. म्हणाला, हा बांध तुमच्या वहिवाटीचा असल्याचा एखादा जुना कागद आहे का? असेल तर मला पुढे काही लिहिता येईल.

मंडपातले सगळे चेल्लम्माक्काकडे बघायला लागले. डब्याची गोष्ट गावाला ठाऊक होती. मला वाटलं, ती आता डबा पुढे करेल. करावाच. साहेब कुणा जाणकाराकडून वाचून घेईल, मी उघडा पडेन, पण सुटेनही. ती उठली. म्हणाली, "कागद होता साहेब. या वात्तियारांनी वाचला. लग्नाची यादी आहे. खोटा कागद इथे आणून मी माझ्या शेतासाठी बोलणार नाही."

मी तिच्या शेजारी बसलो होतो, साहेबाने माझ्याकडे पाहून आदराने हात जोडले. मीही जोडले.

पुढे ती म्हणाली, कागद नाही, पण बांध आहे. चला, दाखवते. आणि तिने साहेबाला उन्हात पूर्ण बांधावरून चालवलं. कुठे तिच्या सासूने चिखल भरला होता, कुठे ताडाचं खोड घातलं होतं, दरवर्षी कोणतं घर कोणता तुकडा लिंपतं. साहेब सगळं ऐकत होता. पण ऐकलेलं फाइलला लावता येत नाही. आठवड्याभरात खटला लागला — सरकारी बांध अडवला, कामात अडथळा आणला. चेल्लम्माक्का आणि आणखी अकरा जणी.

नंतर खाणीच्या यादीतून गावाचं नाव वगळलं. पेढे वाटले गेले, फटाके लागले. हे त्या बायकांनी केलं. त्यात माझा तांदळाच्या दाण्याएवढा वाटा नाही. पण खटला काही कुणी वगळला नाही. तो चालूच आहे. दर दोन-तीन महिन्यांनी बारा जणी दिवसाची मजुरी बुडवून बसने कोर्टात जातात, दुपारपर्यंत बाकावर बसतात, पुढची तारीख घेऊन येतात.

आणि दर पोंगलला चेल्लम्माक्का आमच्या दारात येते. कापडी पिशवीत नवा तांदूळ, हळदीचं पानांसकट रोप, उसाचं कांडं. तुम्ही कागदाची खोटी आशा लावली नाहीत, म्हणून आम्ही कागद सोडून शेतात उतरलो, असं ती सगळ्यांदेखत म्हणते. पहिल्या वर्षी तो भात माझ्या घशाखाली उतरला नाही. दुसऱ्या वर्षी उतरला. माणूस कशालाही सरावतो, हे मी त्या ताटावर शिकलो.

त्याच वर्षी मी मोडी शिकायला लागलो. राजवाड्याजवळ सुटीत एक वर्ग भरला होता, कॉलेजची पोरं होती. मला बघून शिकवणाऱ्या बाई उठून उभ्या राहिल्या. तुम्ही कशाला, सर? मी म्हणालो, उजळणी करायला आलोय. बघा — तिथेही. दोन वर्षं गिरवत होतो. अक्षरं सुटी दिसायला लागली तसा एक दिवस तिच्या गावी गेलो. म्हणालो, अक्का, तो कागद पुन्हा बघायचाय, जुन्या आहेरांचा अभ्यास करतोय. तिने आनंदाने काढून दिला.

कागदावर हळद होती. नातीच्या लग्नात तिने तो ताटात ठेवला होता. घरातल्या पहिल्या लग्नाची यादी आहे, म्हणाली, पोरीला तेवढाच पूर्वजांचा आशीर्वाद. ओली हळद लागली होती. खालच्या दोन ओळी पिवळ्या होऊन पुसल्या होत्या.

उरलेलं मी वाचलं. घरी आणून, चार दिवस लावून, एकेक अक्षर. पाट कुणी खणला ते लिहिलं आहे. घरांची नावं आहेत. बांध त्या घरांनी लिंपायचा आणि त्यावर त्याच घरांची वहिवाट, दुसऱ्या कुणी हरकत घ्यायची नाही, असं आहे. नावं सुरू होतात आणि हळदीत जातात. तिच्या सासरचं नाव त्यात होतं की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही.

तो कोर्टात चालला असता का? ठाऊक नाही. वकिलाला विचारलं असतं तर कळलं असतं. पण मग कुठून आला, कुणी वाचला, आधी का नाही, हेही त्याने विचारलं असतं. मी कागद परत देऊन आलो. खूप सुंदर यादी आहे अक्का, म्हणालो. वाचून उतरवलेला मजकूर माझ्या टेबलाच्या खणात आहे, भिंगाखाली.

परवा पोंगल झाला. ती आली होती. गुडघे दुखतात म्हणाली, बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. पुढची तारीख महिनाअखेरची. मी पिशवी घेतली. भात आज दुपारी जेवलो.

चेल्लम्माक्काला तमिळ वाचता येतं, थोडं, बोट ठेवून. मी तमिळमध्ये लिहिलं असतं तर कुणीतरी तिला वाचून दाखवलं असतं. मला तमिळ मराठीपेक्षा चांगलं लिहिता येतं. हे मी मराठीत लिहिलं आहे.