गप्प कोंबड्या
ओल्या पेंढ्याचा वास आला की अजूनही माझा उजवा हात आपोआप मागं येतो. तळेगाव सोडून आम्ही मळवलीला राहायला आलो, त्या वर्षी मी परसात चार गावठी कोंबड्या पाळल्या. थंडी वाजू नये म्हणून खुराड्यात ढोपरभर पेंढा भरला आणि रात्री भूक लागेल म्हणून तांदळाच्या कण्यांचं ताटही आतच ठेवलं. ते बघून शेजारच्या मावशी नुसत्या हसल्या होत्या. एका सकाळी कोंबड्या एकदम गप्प होत्या. शहाण्या झाल्या बाई, असं वाटून मी न बघताच अंड्यांसाठी पेंढ्यात हात घातला. बोटांना गार, जाड काहीतरी लागलं आणि ते माझ्या मनगटाला घासत पुढं सरकू लागलं. मी ओरडायला तोंड उघडलं. कुंपणापलीकडून मावशींनी माझा चेहरा पाहिला. "ताई, हात हलवू नका. त्येला जाऊ द्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. ते सरकणं संपता संपेना. शेवटी मागच्या फटीतून शेपूट बाहेर पडलं, तेव्हा कुठं मी हात बाहेर काढला. "धामण हाय, इखारी न्हाई. तुमी कण्या ठिवल्या, उंदीर आले. उंदरामागं ती आली," मावशी म्हणाल्या. चारही कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून माझ्याकडे बघत होत्या. आता माझ्याकडे वीस कोंबड्या आहेत आणि पाहुणे त्यांच्या कलकलाटाला वैतागतात. माझ्या घशाखाली मात्र त्या ओरडत असल्या तरच सकाळचा चहा उतरतो.